हूं म्हटल्याशिवाय पुढे न जाणारी बाई

"थांब! अवं थांब म्हणते ना! कोणी मागं लागलं का तुह्या? माणसाले समजू तं दे पहिले!"

आत्या ओरडत होती. वेळ दुपारी सव्वातीनची. ठिकाण वर्ध्याला लागून सिंदी मेघे, आत्याच्या घराची समोरची खोली. मी आत स्वयंपाकघरात चहात साखर घालत होतो. खोलीत आत्याशिवाय कोणी नव्हतं. ती ज्याच्यावर ओरडत होती तो होता माझा मोबाईल – स्टुलावर, पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला – आणि त्यातून एक बाई पुस्तक वाचत होती. ऑडिओबुक हो. रेकॉर्डिंग.

तर ती बाई थांबली.

आत्यानं काहीतरी मनात जुळवलं, आणि म्हणाली, "हूं."

आणि ती बाई पुढे वाचायला लागली.

मी चहात साखर किती घातली ते विचारू नका. चमचा उभा राहिला होता.

आता इथले जुने वाचक म्हणतील, आला हा बबन फिटर, घेऊन आला नवीन थाप. मान्य! समुद्रपूरच्या रस्त्यावर वाघानं हात दाखवून माझ्याकडे लिफ्ट मागितली, हा किस्सा याच पानावर मीच लिहिला होता. आज कबूल करतो – वाघ नव्हता. पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर घातलेला तलाठी होता. मी हिंगणघाटला जिनिंगमध्ये फिटर आहे, आणि तिथली पोरं म्हणतात की बबनभाऊच्या बोलण्यात रुई थोडी, सरकीच जास्त. पण आज जे लिहितोय ती निव्वळ रुई आहे. मशीनमधून दोनदा काढलेली.

आणि भूतबित मानणाऱ्यांतला मी तर मुळीच नाही. आम्ही बौद्ध माणसं. आजोबांनी छप्पन सालानंतर घरातले गंडेदोरे, अंगारे, टाक, सगळं गाठोडं बांधून नदीत सोडलं. तेव्हापासून आमच्या घरात भुताला उभं राहायलाही जागा नाही. लहानपणी एकदा मी म्हटलं की चिंचेखाली कोणीतरी पांढरं दिसलं... तर याच आत्यानं मला त्याच चिंचेखाली बसवून सतराचा पाढा पाठ करायला लावला. भूत आलं नाही. सतराचा पाढाही आला नाही, तो भाग वेगळा.

तर आत्या. कुसुम आत्या, रिटायर मास्तरीण. लग्न केलं नाही. तिची दोनच ठिकाणं – शाळा, आणि घरापासून चार घरं सोडून असलेलं विहार. पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. सव्वीस वर्षं तिथे आत्याच वाचत आली. पांढरं लुगडं, चष्मा, समोर उतरत्या फळीचं छोटं टेबल.

आणि आमच्याकडे एक पद्धत आहे. बाकीच्या विहारांत आहे की नाही, मला ठाऊक नाही. वाचणाऱ्यानं एक मुद्दा वाचून थांबायचं. समोरच्यांनी "हूं" म्हणायचं. म्हणजे समजलं, जा पुढे. हूं आला नाही तर तेच पुन्हा वाचायचं, जरा हळू. आमच्या विहाराचा हुंकार म्हणजे गिरजाबाई. वय ऐंशीच्या पुढे, शाळेचं तोंड पाहिलं नाही, आयुष्यभर निंदण-खुरपण केलं. रोज पहिल्या रांगेत, आत्याच्या अगदी समोर. बाकीचे चाळीस जण हूं म्हणोत, गिरजाबाईचा हूं आल्याशिवाय आत्या पान उलटत नसे. कधी गिरजाबाईचं लक्ष दाराकडे गेलं, नाहीतर डोळा लागला, की झालं – तोच मुद्दा पुन्हा. काही जण कंटाळायचे. आत्याचं एकच म्हणणं – "गिरजाबाईले समजलं म्हणजे साऱ्यायले समजलं."

मागच्या उन्हाळ्यात आत्याचे डोळे गेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते सांभाळू, गेलं ते परत येत नाही. उरलं होतं ते एवढंच की दारात कोणी उभं आहे हे कळायचं; कोण आहे ते आवाजावरून. आत्या रडली नाही. चष्मा पुसला, घडी केला, कपाटात ठेवला, आणि त्या दिवसापासून जेवण अर्धं केलं. सकाळी एक पोळी. संध्याकाळी, भूक नाई.

आमची जिनिंग पावसाळ्यात बंद असते. मी मुक्कामाला सिंदी मेघेला आलो आणि आत्याला मोबाईलवर ऑडिओबुकं लावून दिली. वाटलं, कान तर शाबूत आहेत! पण मास्तरणीला पुस्तक ऐकवणं म्हणजे इन्स्पेक्टरला धडा शिकवून दाखवणं.

पहिली लावली ती भुताटकीची कादंबरी. ती मी स्वतः हिंगणघाटच्या रस्त्यावर ऐकली होती आणि माझ्या मोटरसायकलीच्यासुद्धा अंगावर काटा आला होता. वाचणारा सगळं कुजबुजत बोलतो. आत्यानं दहा मिनिटं ऐकलं. "याचा घसा बसला का रे? आल्याचा काढा घे म्हणा अन् मंग ये."

मग एक इतिहासाची. तिच्यात दर वाक्यामागे नगारा. मला आवडली, मी तर उठून उभा राहिलो. आत्या म्हणाली, "राजा पाणी पेला तरी ढम! आंघोळीले गेला तरी ढम! लगीन आहे का कोणाचं?"

मग एक यशस्वी कसं व्हावं याची. त्यातला माणूस म्हणाला, पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल. आत्या म्हणाली, "मी चाळीस साल चारले उठली. याले म्हणा, एक घंटा लवकर उठ, मंग मले शिकव." याबाबतीत मात्र मी आत्याच्या बाजूनं आहे. ते पुस्तक ऐकताना मी रोज नऊपर्यंत झोपलो.

चौथी आपल्याच भागातली ग्रामीण कादंबरी. कादंबरी फस्क्लास, पण वाचणारा कुठला तिकडचा, आणि आपली बोली बोलायला गेला. सावजी रश्श्यात साखर घातल्यावर जे होतं ते झालं. आत्या एवढी हसली की दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. म्हणून ती मी तिला तीनदा ऐकवली. वाईट वाचणाऱ्याचेही उपकार असतात, काय सांगावं!

आषाढ लागला, आणि वानखेडे साहेब घरी आले. विहार समितीचे अध्यक्ष, पाटबंधाऱ्यातून रिटायर. माणूस चांगला, पण सगळं फाईलसारखं बोलतो.

"बाई, सव्वीस साल केलं तुम्ही. आता आराम करा. यंदा आपण रेकॉर्डिंग लावू. अख्खा ग्रंथ भेटला मले, एका बाईच्या आवाजात. स्पीकरवर लावला का झालं."

"मशीन वाचते, वानखेडे," आत्या म्हणाली. "मशीन ऐकते का?"

"ऐकाले आम्ही आहो ना."

"वाचणाऱ्यानं ऐकाव लागते."

"बाई, तुम्हाले दिसत नाई," साहेब खाली बघून म्हणाले. "मले बोलाले बरं वाटून राह्यलं का हे?"

ते गेल्यावर आत्यानं चाचपत स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाली, "लाव ते. एक चूक सापडू दे. पाहतेच." म्हणजे बघा, आपली जागा घेणाऱ्या बाईची ती परीक्षा घ्यायला बसली होती. तीच ती सव्वातीनची दुपार, आणि तेच ते ओरडणं.

बाई थांबली तेव्हा मी धावत बाहेर आलो. वाटलं, नेट गेलं. मी फिटर माणूस; मशीन बंद पडली की आधी बेल्ट बघतो, मग मोटर, शेवटी मालकाचं तोंड. तसंच केलं. सगळं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये उतरवून घेतलं, नेट बंद केलं, सिम काढून खिशात टाकलं. पहिला भाग एकट्यानं मागच्या अंगणात लावला. सरळ चालला. बावीस मिनिटं, कुठे अडखळ नाही. मी "थांब" म्हटलं, "बाई, थांबा" म्हटलं, हात जोडले... ती आपली वाचतच गेली.

मग तोच भाग आत्यासमोर लावला. एक्केचाळीस मिनिटं लागली.

मुद्दा संपला की ती बाई थांबायची. आत्यानं हूं म्हटलं की पुढे. आत्या मुद्दाम गप्प बसली तर तीही गप्प. पडद्यावर सेकंदाचा आकडा जागच्या जागी, पण खूण चालू असल्याचीच. आणि तो नुसता बंद आवाज नव्हता, बरं का. त्या थांबण्यात मागे कुठेतरी पंखा फिरल्याची घरघर होती. पान बोटात धरल्याची सळसळ होती. कोणीतरी आपल्यासाठी थांबलंय, हे कानाला कळतं की नाही? तसं.

एकदा आत्या म्हणाली, "पुन्हा." ती बाई तेच वाक्य पुन्हा वाचती झाली. जरा हळू.

ते वाक्य मी अंगणात अकरा वेळा तपासलं. तिथे ते एकदाच आहे.

"आत्या," मी म्हटलं, "हे काय होऊन राह्यलं?"

"चांगली वाचते," आत्या म्हणाली. "शिकवलेलं दिसते कोणीतरी."

"अवं पण हे रेकॉर्डिंग आहे!"

"तू भूत-बीत म्हणशील तं आत्ताच्या आत्ता हिंगणघाटची गाडी धर. मशीन बिघडलं असन. बिघडून चांगलं झालं."

मग मी मोबाईल चार्जिंगला लावला. पण त्या संध्याकाळी तिनं दुसरी पोळी मागितली, हे मी लिहून ठेवलं आहे.

आषाढी पौर्णिमा आली. विहार धुऊन काढलेलं, पताका लावलेल्या, मागे खिरीचं पातेलं. वानखेडे साहेबांनी दुपारीच त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवरून स्पीकर जोडून तपासला होता. हे लक्षात घ्या – माझा मोबाईल नाही, साहेबांचा. मी तिथे होतो. अख्खा पहिला भाग धडधडीत वाजला.

संध्याकाळी सात. मी आत्याला धरून नेलं. ती नेहमीच्या जागी गेली नाही. मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. पुढे उतरत्या टेबलावर ग्रंथ ठेवलेला, फुलं वाहिलेली, आणि शेजारी खुर्चीवर तो काळा स्पीकर. गिरजाबाई पहिल्या रांगेत. ती एकदा स्पीकरकडे पाही, एकदा मागे वळून आत्याला शोधी.

त्रिशरण-पंचशील झालं. साहेबांनी बटण दाबलं. ती बाई वाचायला लागली. छान आवाज, स्वच्छ. पहिला मुद्दा संपला... आणि थांबली.

लोक म्हणाले "हूं". सवयीनं, दहा-बारा जणांनी. बाई थांबलेलीच. सगळ्यांची नजर गिरजाबाईकडे. गिरजाबाईच्या तोंडून शब्द नाही. हात मांडीवर, नजर स्पीकरवर, चेहरा बंद दुकानासारखा.

स्पीकरमधून पंख्याची घरघर येत होती. मोठी झालेली. विहारातले आमचे पंखे बंद होते, खीर चुलीवर होती म्हणून. साहेबांनी मोबाईल उचलला, हलवला, वायर काढली, लावली. घरघर वायरीबरोबर गेली, वायरीबरोबर परत आली. बाई काही बोलेना. किती वेळ गेला? मी सांगायला गेलो तर अर्धा तास सांगीन. साहेब म्हणतात दीड मिनिट. मधलं काहीतरी धरा.

तेवढ्यात मागून आवाज आला. आत्याचा. पुढचा मुद्दा. तोंडपाठ, बसल्या जागेवरून. माझ्या शेजारची बाई आपोआप बाजूला सरकली. लोकांनी वाट केली. मी आत्याचा दंड धरला आणि ती बोलत बोलतच पुढे चालत आली, टेबलाशी बसली, तोंड गिरजाबाईकडे केलं. मुद्दा संपला.

"हूं," गिरजाबाई म्हणाली.

चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला. माझ्या हिशेबानं पताका हलल्या.

आत्या वाचत राहिली – वाचत काय, म्हणत राहिली. पण सव्वीस वर्षं झाली तरी ती माणूसच. निम्म्याच्या पुढे एका ठिकाणी ती अडली. वाक्याचं सुरुवातीचं टोक सापडेना. ओठ हलले, बंद झाले. समोरच्या टेबलावर ग्रंथ उघडा होता आणि तिची बोटं त्या पानावरून फिरत होती, नुसती, आंधळी. साहेबांनी मान खाली घातली. मला पुढे जाऊन ते वाक्य वाचून द्यावंसं वाटलं, पण माझे पाय हलले नाहीत. कारण तिचं विहारातलं बसणं त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं, आणि हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

स्पीकरमधून ती बाई बोलली. एकच वाक्य. आत्याला हवं होतं तेच. आणि पुन्हा थांबली.

"हूं," आत्या म्हणाली. स्पीकरकडे वळून, जरा मान लववून. मग तेच वाक्य लोकांकडे तोंड करून म्हटलं, आणि पुढे गेली.

भाग संपला. साधु, साधु, साधु झालं. खीर वाटली. खीर खाताना कोणी त्या वाक्याबद्दल बोलेना, सगळे पावसाबद्दल बोलत होते. साहेबांनी आत्याच्या हातात वाटी दिली आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्हीच." मग वायर गुंडाळत, "कनेक्शन आलंतं मधात."

"असन," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक रीत बसवली. आत्याच्या कानात इयरफोन, वायर पदराखालून, मोबाईल मांडीवर. कानात ती बाई एक मुद्दा वाचते, थांबते. आत्या तो मोठ्यानं म्हणते. समोरून गिरजाबाईचा हूं. मग आत्या अगदी बारीक आवाजात आपला हूं देते आणि कानातली बाई पुढे जाते. तीन महिने असं चाललं. एकदाही ती बाई पुढे पळाली नाही, एकदाही मागे राहिली नाही. लाईट गेली तेव्हाही नाही. गिरजाबाई डुलकीत गेली तर तिघीही थांबलेल्या.

मी काय काय केलं नाही! रेकॉर्डिंग जिथून आलं तिथे वाचणारीचं नाव शोधलं – नाव नाही. ज्यानं टाकलं त्याला दोनदा लिहिलं – उत्तर नाही. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं सांगितलं, काका, आजकाल फोन आवाज ओळखतात. म्हटलं, ठीक, मग माझा काऊन नाई ओळखत? अंगणात मी हुंकार देऊन देऊन घसा बसवला. शेजारी विचारायला आले की गाय हरवली का. आणि साहेबांच्या फोनचं काय? त्या एका वाक्याचं काय? पोरगा म्हणाला, त्यासाठी फोन उघडून पाहावा लागेल. आत्यानं फोन उघडू दिला नाही. म्हणाली, चालणाऱ्या मशीनीत हात घालू नये, तुह्या जिनिंगमध्ये एवढंही शिकवत नाईत का?

माझ्याकडे उत्तर नाही. वाघाच्या वेळी होतं, आत्ता नाही. इथे कोणी जाणकार असेल तर सांगावं.

फक्त एक गोष्ट मला विचारून टाकायची होती. पहिल्या संध्याकाळी नेमका गिरजाबाईनंच हूं दिला नाही, आणि तिथूनच सगळं घडलं. म्हणजे तिला काही कळलं होतं का? आपल्याला जे दिसत नाही ते म्हाताऱ्या माणसाला... मी मनात बराच मोठा किस्सा रचत आणला होता, खोटं कशाला बोलू. वर्षावास संपल्यावर एका सकाळी तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर तूर पाखडत होती. मी अगदी समोर उकिडवा बसलो. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"आजी, खरं सांगजो. त्या रोजी त्या स्पीकरवाल्या बाईले तू हूं काऊन नाई दिला?"

गिरजाबाईनं सूप परत उचललं.

"मले चार सालापासून ऐकू येत नाई, बाबू," ती म्हणाली. "कोणाले सांगतलं नाई, बसू देणार नाईत म्हणून. बाईचं तोंड थांबलं का मी हूं म्हणते. त्या डब्ब्याले तोंड कुठी आहे?"